घोडदौडीच्या गेममधली पैदास: नराच्या मागे धावू नका, घोडी सांभाळा

पागेदार

बरीच वर्षं मी याच जातीचे गेम खेळतोय. पागा चालवायची, घोड्या फळवायच्या, शिंगरं वाढवून शर्यतीत उतरवायची आणि जे जनावर चांगलं निघेल ते पुन्हा पैदाशीला ठेवायचं. १९९१ साली जपानमध्ये ‘डर्बी स्टॅलियन’ आला, १९९३ मध्ये ‘विनिंग पोस्ट’. आजचे गेम दिसायला कितीही देखणे असले तरी खेळाचं हे चक्र तेच आहे.

नव्या खेळाडूंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा नर, घेऊ? मी पण तिथूनच सुरुवात केली होती. पहिले दहा सीझन मी कमावलेलं प्रत्येक नाणं यादीतल्या सगळ्यात वरच्या नराच्या फीवर, म्हणजे घोडी फळवायच्या भाड्यावर, घातलं. घोड्या मात्र बाजारात मिळतील त्या, स्वस्तातल्या. शिंगरं मधल्या दर्जाच्या शर्यती जिंकायची आणि मोठ्या शर्यतीत शेवटच्या दोनशे मीटरला मागे पडायची. दर वेळी मी म्हणायचो, पुढच्या वर्षी याहून महाग नर घेऊ.

डोळे उघडले ते सांजवेळ नावाच्या घोडीमुळे. तिने आयुष्यात दोन किरकोळ शर्यती जिंकल्या होत्या. विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून राहिली. पैसे नव्हते म्हणून तिला साध्या नरांकडे पाठवत गेलो. पहिलं शिंगरू बापापेक्षा बरं पळालं. दुसरं वेगळ्या बापाचं, तेही बरं पळालं. तिसऱ्या वेताची मुलगी माझ्या पागेची पहिली अव्वल दर्जाची शर्यत जिंकली. तेव्हा मी मागचे सगळे सीझन वहीत मांडून बसलो आणि जे दिसलं ते इथे लिहितोय.

समजा वेग शंभरपैकी मोजला जातो. तुमची घोडी ७० ची आहे. महागडा नर ९० चा, म्हणजे शिंगरांची सरासरी ८०. बेताचा नर ८० चा, म्हणजे सरासरी ७५. नर दहा गुणांनी वरचढ असला तरी शिंगरात पाचच गुण उतरतात, कारण अर्धं शिंगरू आईचं असतं. आता नशिबाचा भाग. सख्खी भावंडंसुद्धा सारखी निघत नाहीत. त्यांच्यातलं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून सहसा किती वर-खाली होतं ते, ८ गुण धरू. ठरावीक पैशात महागड्या नराची ३ शिंगरं मिळत असतील आणि तेवढ्याच पैशात बेताच्या नराची १०, तर तिघांतलं सर्वात चांगलं शिंगरू सरासरीच्या वर साधारण ०.८५ विचलन असतं, दहांतलं १.५४. गुणाकार करून बघा. महागड्या बाजूला ८६.८, बेताच्या बाजूला ८७.३. इतके पैसे ओतून हाती काहीच आलं नाही.

याउलट घोडी ७० ची ८० झाली, तर कुठल्याही नराबरोबर, प्रत्येक वेतात पाच गुण जास्त मिळतात. त्यासाठी वर्षाला फी नाही. शिवाय ते गुण तिच्या मुलींमध्ये तुमच्याच पागेत राहतात. नर सगळ्यांना भाड्याने मिळतो, घोडी फक्त तुमची असते.

खऱ्या मैदानातही हे दिसतं. अर्बन सी ही घोडी १९९३ ची आर्क, म्हणजे पॅरिसची मोठी शर्यत, जिंकली. सॅडलर्स वेल्स या नरापासून तिला गॅलिलिओ झाला, २००१ ची इंग्लंडमधली एप्सम डर्बी जिंकणारा. केप क्रॉस या निराळ्या नरापासून सी द स्टार्स झाला. त्याने २००९ मध्ये डर्बी आणि आर्क दोन्ही जिंकल्या. बाप दोन, आई एक. हसिली या घोडीची पाच अपत्यं अव्वल दर्जाच्या शर्यती जिंकली. खाण तशी माती, आणि या खेळातली खाण म्हणजे घोडी.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी असतील तर जरूर लिहा.

नवखी

फार उपयोगी लिहिलंत. माझा दुसराच सीझन चालू आहे. चार घोड्या आहेत, नाणी अगदी थोडी. अडचण अशी की माझ्या गेममध्ये घोडीचे अंगचे गुण दिसतच नाहीत, फक्त शर्यतींचा इतिहास आणि वंशावळ दिसते. मग खाण चांगली आहे हे ओळखायचं कसं?

पागेदार

नवखी, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक गेममध्ये दोन थर असतात. एक जन्मजात गुण आणि दुसरा सरावाने चढलेला. शर्यतीत दोन्ही मिळून दिसतात, पण शिंगराकडे सहसा पहिलाच थर जातो. त्यामुळे भरपूर सरावावर ओढून जिंकवलेली घोडी पैदाशीला फसवते, आणि दुखापतीमुळे तीनच शर्यती पळालेली घोडी सोन्यासारखी निघू शकते.

ओळखायची माझी पद्धत अशी. घोडीचं शिंगरू तिच्या दुसऱ्या शिंगराशी ताडून बघू नका. त्याच नराच्या, त्याच वयाच्या इतर शिंगरांशी ताडून बघा. ज्या नराची बाकी पोरं मधल्या शर्यतींत अडकतात त्याचंच तुमच्या घोडीपासून झालेलं पोर वर जात असेल, तर तो जास्तीचा भाग आईचा. वेगवेगळ्या तीन नरांकडे पाठवून तीनदा असं घडलं तर शंका ठेवू नका. दोनदा घडलं तर थांबा, ते नशीबही असू शकतं.

आणि आजोळ बघा. घोडीच्या बहिणींनी काय दिलं, तिच्या आईने काय दिलं. जिच्या चार बहिणींपैकी तिघींची पोरं जिंकतात, ती स्वतः एकही शर्यत जिंकली नसली तरी घ्यावी. बाजारात अशी घोडी स्वस्त मिळते, कारण खरेदी करणारे तिच्या स्वतःच्या विजयांचा आकडा बघतात.

फर्लांग

पागेदार, तुमचा हिशोब मला आवडला, पण घोडं पेंड खातं ते दुसरीकडे. तुम्ही फक्त फी मोजलीत. दहा शिंगरांना दहा ठाणं लागतात, दहांचा चारा, दहांचा ट्रेनर, दोन वर्षांची होईपर्यंत. माझ्या गेममध्ये एक शिंगरू शर्यतीपर्यंत नेण्याचा खर्च बेताच्या नराच्या फीपेक्षा जास्त आहे. तो धरला तर त्याच पैशात महागड्याची ३ आणि बेताच्याची ५ एवढीच पडतात. पाचांतलं सर्वोत्तम १.१६ विचलन वर, म्हणजे ७५ अधिक ९.३, साधारण ८४. इथे महागडा नर सरळ जिंकला.

दुसरं, नर कमी महत्त्वाचा असता तर इतिहास वेगळा असता. संडे सायलेन्स १९८९ ची केंटकी डर्बी जिंकला, मग जपानला गेला आणि १९९५ पासून २००७ पर्यंत सलग तेरा वर्षं तिथला पहिल्या क्रमांकाचा नर राहिला. एका घोड्याने एका देशाची पैदास पालटली. घोडी वर्षाला एक शिंगरू देते, अकरा महिने गाभण असते. नर त्याच वर्षात शंभरावर घोड्या फळवतो.

पागेदार

फर्लांग, खर्चाचा मुद्दा मान्य. मी तो हिशोबात धरायला हवा होता. पण सगळी शिंगरं शर्यतीपर्यंत न्यायचीच नाहीत, हे माझ्या पद्धतीत गृहीत आहे. आईपासून तोडल्यावर पहिली पाहणी होते, तेव्हाच दहापैकी सहा विकतो. ट्रेनरचा खर्च चौघांवरच पडतो. पाहणी ढोबळ असते, एखादं चांगलं जनावर हातचं जातं, ते सोसावं लागतं. ज्या गेममध्ये पाहणीच नाही किंवा शिंगरं विकता येत नाहीत, तिथे तुमचा आकडा बरोबर आहे आणि महागडा नर परवडतो.

संडे सायलेन्सबद्दल वादच नाही. पण तुम्ही सांगितलंत ते देशाच्या पैदाशीबद्दल. सर्वोत्तम नर सगळ्यांनाच मिळतो, प्रतिस्पर्ध्यालाही. माझ्या पागेला दुसऱ्याच्या पागेपेक्षा पुढे काय नेतं, एवढाच माझा प्रश्न आहे.

फर्लांग

हे पटलं. गेममध्ये स्वतःचा नर उभा करून दुसऱ्यांकडून फी घेता येत असेल तर मात्र गणित पुन्हा उलटतं. तो वेगळा धागा होईल.

वंशवेल

उशिरा आले, पण अंतःप्रजननाबद्दल, म्हणजे जवळच्या नात्यातल्या नर-मादीच्या जुळणीबद्दल, कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. हा माझा जिवाभावाचा विषय आहे.

वंशावळीत ‘३×४’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ असा: एकच पूर्वज बापाच्या बाजूला तिसऱ्या पिढीत आणि आईच्या बाजूला चौथ्या पिढीत आहे. तिसऱ्या पिढीतल्या पूर्वजाचा वाटा १२.५ टक्के, चौथ्या पिढीतल्याचा ६.२५, मिळून १८.७५. जपानी पैदासकारांनी या आकड्याला ‘चमत्काराचं रक्त’ असं नाव दिलं आणि तिथल्या गेमनी ते उचललं. अशा जुळणीत त्या पूर्वजाचा खास गुण, मग तो वेग असो वा दम, शिंगरात ठळक उतरतो. बदल्यात प्रकृती नाजूक होते किंवा स्वभाव बिथरतो.

लोक चुकतात ते इथे: पूर्वज कोण आहे हे न बघता आकडा जुळवतात. ज्याच्याकडे दमाचा गुण आहे अशा पूर्वजावर जुळणी करून वेग वाढेल ही अपेक्षा ठेवतात. आधी ठरवा की तुमच्या घोडीत कमी काय आहे. मग तो गुण असलेला पूर्वज शोधा. आकडा सगळ्यात शेवटी.

१८.७५ हा वाट्याचा आकडा आहे, धोक्याचा नव्हे. धोका मोजायला अंतःप्रजननाचा गुणांक असतो, म्हणजे शिंगराला आई आणि बाप दोघांकडून एकाच पूर्वजाचं तेच जनुक मिळण्याची शक्यता. एका पूर्वजावरच्या ३×४ साठी तो फक्त १.५६ टक्के येतो. २×३ साठी ६.२५. एक पिढी जवळ सरकली की धोका दुप्पट, दोन सरकल्या की चौपट. एनेबल ही घोडी सॅडलर्स वेल्सवर ३×२ होती आणि २०१७ व २०१८ अशा दोन आर्क जिंकली, म्हणून इतकी जवळची जुळणीही जमू शकते. पण तिचं नाव घेऊन रोज २×३ करायला जाऊ नये. जमलेली तेवढी आपल्याला ठाऊक होतात. अशाच जुळणीची जी शिंगरं शर्यतीपर्यंत पोचत नाहीत, त्यांची नावं कोणी लक्षात ठेवत नाही.

आता ‘निक’ या शब्दाबद्दल. निक म्हणजे एका घराण्याचा नर आणि दुसऱ्या घराण्याची घोडी यांचं चांगलं जमणं. गॅलिलिओचं डेनहिल या नराच्या मुलींशी असं जमलं. फ्रँकेल त्यातलाच, १४ शर्यतींत १४ विजय. गेममध्ये निक म्हणजे थेट मिळणारे जास्तीचे गुण, ते सोडू नका. खऱ्या पैदाशीत मात्र मी सावध असते. एखाद्या जोडीचा बोलबाला झाला की सगळे आपल्या सर्वोत्तम घोड्या तिकडेच पाठवतात, मग यशाचं श्रेय जोडीचं किती आणि त्या घोड्यांचं किती हे वेगळं काढता येत नाही.

नवखी

वंशवेलताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझी चूक कळली. मी एका घोडीला तिच्या सावत्र भावाकडेच पाठवलं होतं, दोघांचा बाप एक. स्क्रीनवर ‘उत्कृष्ट जुळणी’ असं आलं म्हणून हरखले होते. शिंगरू वेगवान आहे, पण दर महिन्याला आजारी. सराव होतच नाही. त्याचं काय करू?

वंशवेल

ते २×२ झालं, गुणांक १२.५ टक्के. वाईट वाटून घेऊ नकोस, वेगाचा गुण त्याच्यात पक्का बसला असणार. नर असेल तर विक. मादी असेल तर शर्यतीत फरफटवू नकोस, थेट पैदाशीला ठेव आणि पाच पिढ्यांत एकही समान पूर्वज नसलेल्या, काटक नराकडे पाठव. पुढच्याच पिढीत गुणांक शून्यावर येतो, कारण तो आईबाप एकमेकांचे किती जवळचे यावर ठरतो, आई स्वतः कशी जन्मली यावर नाही. प्रकृती सावरते आणि आईचा वेग मात्र शिंगरांत थोडा अधिक सारखा उतरतो. जुने पैदासकार अंतःप्रजनन आणि बाहेरचं रक्त आलटून पालटून वापरतात ते याचसाठी.

नवखी

मादी आहे! ठेवते मग.

अबलख

अंतराचा विषय राहिला. माझ्या पाहण्यात पागा बुडतात त्या अंतरामुळे. वेगवान नर आणि वेगवान घोडी असं करत गेलं की चौथ्या पिढीला सगळी जनावरं १२०० मीटरची होतात आणि मोठ्या बक्षिसाच्या शर्यती तर २४०० ला असतात.

याच्यामागे खरं शास्त्र आहे. २०१० साली आयर्लंडमधल्या संशोधकांनी मायोस्टॅटिन जनुकाचा घोड्याच्या अंतराशी असलेला संबंध दाखवला. या जनुकाची सी आणि टी अशी दोन रूपं. सी-सी घोडे कमी अंतराला चांगले, टी-टी लांबच्या अंतराला, सी-टी मधल्या. आता बघा, सी-सी नर आणि टी-टी घोडी यांचं प्रत्येक शिंगरू सी-टीच होणार. सी-टी आणि सी-टी एकत्र केले तर चौथा हिस्सा सी-सी, चौथा हिस्सा टी-टी, उरलेले निम्मे सी-टी. म्हणजे मधल्या अंतराचं जनावर हवं असेल तर मधल्याला मधलं जुळवण्यापेक्षा दोन टोकं जुळवणं जास्त खात्रीचं. अनेक गेम अंतर असंच किंवा साध्या सरासरीने काढतात, दोन्हीत दोन टोकांची जुळणी चालते.

आल्मंड आय या जपानी घोडीचं उदाहरण मला फार आवडतं. बाप लॉर्ड कनालोआ, हाँगकाँगची स्प्रिंट शर्यत २०१२ आणि २०१३ अशी दोनदा जिंकलेला. आईचा बाप संडे सायलेन्स. ही घोडी २०१८ च्या जपान कपमध्ये २४०० मीटर २ मिनिटं २०.६ सेकंदांत पळाली. कमी अंतराच्या बापाची मुलगी आहे म्हणून तिला कोणी १२०० ला अडकवलं नाही.

फर्लांग

अबलख +१. यात एक भर. आईचा बाप वंशावळीत दुर्लक्षित राहतो. सेक्रेटेरियट १९७३ ची अमेरिकेतली बेल्माँट शर्यत ३१ लेंग्थनी, म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीने, जिंकला, पण त्याच्या मुलांपैकी नर म्हणून कोणी त्याच्या उंचीला गेला नाही. त्याच्या मुलींनी मात्र स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी दिले, दोघेही पुढे फार मोठे नर झाले. म्हणून गेममध्ये एखादा महान घोडा निवृत्त झाला की मी त्याच्या मुलग्यांच्या मागे जात नाही, त्याच्या मुली गोळा करतो. विरोध करायला आलो होतो, पण पागेदारांचा मुद्दा मला वाटलं त्यापेक्षा जास्त पटलेला दिसतोय.

पागेदार

फर्लांग, मी अगदी हेच करतो. आणि मुली ठेवायच्या तर शर्यतीत त्यांना पिळू नका. काही गेममध्ये वय चढलं की वेतं कमी मिळतात. चार वर्षांची होऊन कस कळला की निवृत्त. सहाव्या वर्षापर्यंत छोट्या बक्षिसांसाठी पळवत ठेवलेल्या घोडीची दोन शिंगरं आपण गमावतो, आणि त्यातलं एक कदाचित तेच असतं.

विकण्याबद्दल एक शब्द, कारण नवखीला पुढे हेच जड जाणार आहे. किमतीवरून जनावर ठरवू नका, ना घेताना ना विकताना. द ग्रीन मंकी २००६ मध्ये एक कोटी साठ लाख डॉलरला विकला गेला, तीन शर्यती पळाला, एकही जिंकला नाही. सिअॅटल स्ल्यू साडेसतरा हजार डॉलरला गेला आणि १९७७ ची ट्रिपल क्राउन, म्हणजे अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यती, जिंकला. वहीत लिहा, वंश बघा, त्याच बापाच्या बाकी पोरांशी ताडा, आणि जी घोडी तीन वेतांत बापाच्या सरासरीवर एकही शिंगरू देत नाही ती सोडा. कितीही लाडकी असली तरी. सांजवेळच्या थोरल्या मुलीला मी चौथी संधी दिली, पाचवी दिली, आणि ते ठाणं सात सीझन अडकलं. त्या सात सीझनमध्ये तिची धाकटी बहीण बाहेर दुसऱ्याच्या पागेत होती. ते मला अजून लागतं.

नवखी

सगळ्यांचं ऐकून केलं ते सांगायला आले. चारपैकी दोन घोड्या विकल्या. त्या पैशात बाजारातली एक न जिंकलेली घोडी घेतली, जिच्या दोन बहिणींची पोरं अव्वल दर्जाला जिंकली आहेत. माझी आजारी मुलगी पैदाशीला ठेवली, काटक नराकडे पाठवली. नव्या घोडीला या वर्षी १२०० च्या नराकडे, कारण तिच्या घराण्यात सगळी लांब पळणारी आहेत. वहीही सुरू केली. वहीत नेमकं काय काय लिहू?

पागेदार

शिंगराचा बाप, आई, कितवं वेत, जन्माचा महिना, पहिल्या पाहणीचा शेरा, सर्वोत्तम अंतर, पहिला विजय कोणत्या वयात, आणि त्याच वर्षीच्या त्याच बापाच्या बाकी शिंगरांपैकी किती जिंकली. शेवटचा रकाना सगळ्यात कंटाळवाणा आहे, तोच सोडू नकोस. जन्माचा महिना यासाठी की उत्तर गोलार्धात सगळ्या शर्यतीच्या घोड्यांचं वय १ जानेवारीला वाढतं. गेमने तो नियम घेतला असेल तर मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू दोन वर्षांच्या शर्यतीत जानेवारीतल्या शिंगरापुढे कच्चं दिसेल. त्याला त्या वर्षावरून विकू नकोस.

वंशवेल

आणि आजारी मुलीचं पहिलं शिंगरू आलं की इथे वंशावळ टाक. पाच पिढ्या मी बघून देते.